चाकावरची हळद

आमच्या वॉशिंग सेंटरच्या टेबलावर स्टीलची एक लहान डबी असते आणि तिच्यात हळद असते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई देवभोळी दिसते, गाडी धुऊन झाली की हळदकुंकू वाहत असेल. मी देवभोळी नाही. उलट गाडीच्या चाकाला हळद लावायला वाकलेली बाई दिसली की आजही माझं डोकं फिरतं. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, मुलं आपापल्या मार्गाला लागली, पण हा राग काही उतरला नाही. डॉक्टर म्हणतात, ब्लडप्रेशर आहे, रागावर ताबा ठेवा. मी म्हणते, गोळी लिहून द्या, राग राहू द्या. म्हातारपणी माणसं आठवणी लिहायला बसतात, त्या बहुतेक गोड असतात. मला लिहायचं आहे ते गोड नाही, आणि मी ते गोड करून लिहिणारही नाही.

मंद्रूपकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सोलापूर आता संपलं असं वाटायला लागतं तिथं आमचं आवार होतं. पुढं गाड्या चढवायचा सिमेंटचा रॅम्प, त्याच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या आणि त्याच्याही मागं आईच्या शेळ्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, आधी ट्रक चालवायचे. कंबर धरायला लागली तेव्हा स्टिअरिंग सोडून त्यांनी पाण्याचा पाइप हातात घेतला. आईचं माहेर मंद्रूपच्या पलीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. त्यामुळं आमच्याकडं चाकं पुसायला फडकी नसायची, जुन्या घोंगड्यांचे तुकडे असायचे. त्या खरबरीत लोकरीनं चाकाच्या खाचेतला चिखल झटक्यात निघायचा. सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला की घरातलं बोलणं बंद व्हायचं. त्याची धडधड, गाडीच्या पत्र्यावर आपटणारा फवारा आणि मधूनच आईची भाकरी थापल्याचा आवाज, यांतच मी लहानाची मोठी झाले. आई चुलीपुढून उठायची, एक चाक घासून यायची, हात धुऊन पुन्हा भाकरी थापायला बसायची. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण मंगल, उखळात शेंगा कुटायची. शेंगांची चटणी, दही आणि भाकरी. चव आजही जिभेवर आहे, आणि त्या चवीच्या मागं जळक्या ऑइलचा वासही आहे, कारण आप्पा धुतलेल्या टायरला काळेपणा यावा म्हणून ते चोपडायचे. टायर नव्यासारखं दिसायचं. त्या ऑइलनं रबर खराब होतं, त्याला भेगा पडतात, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

पण ऑइल परवडलं असं म्हणायची वेळ आणली ती लिक्विडनं. लिक्विड म्हणजे एक निळा प्लास्टिकचा कॅन. मोपेडवरून एक माणूस तो आणून द्यायचा. सुताची रंगाई करणाऱ्या कुठल्याशा कारखान्यातून तो ते आणतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कॅनवर चिठ्ठी नाही, नाव नाही, काही नाही. ब्रशनं चाकाला लावलं की ग्रीस, डांबर, ब्रेकची काळी धूळ सगळं सुटून खाली यायचं. आप्पा त्यावर जाम खूश होते. एकदा एका कंपनीचा पोरगा चाकं धुवायच्या शाम्पूची बाटली नमुना म्हणून ठेवून गेला. मी तिच्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. हातमोजे घाला, चाक गरम असताना मारू नका, चाकावर वाळू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुऊन काढा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. आप्पा पोट धरून हसले. म्हणाले, "बाटलीवर एवढं लिवलंय, म्हंजे त्येच्यात दम न्हाय. ज्येच्यात दम हाय ते कशाला बोलतंय?" ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही त्याच्यावर आप्पांचा पक्का विश्वास. मी अकरावीला सायन्सला होते. मी विचारलं, "आप्पा, पर ह्याचं नाव काय?"

"लिक्विड."

"लिक्विड म्हंजे नुसतं पातळ. पाणीबी लिक्विडच असतंय."

"मग पाणी समज," आप्पा म्हणाले.

हे उत्तर मला अजून ऐकू येतं. मग पाणी समज! आईच्या बोटांची सालं निघायची, टोकं गुळगुळीत झाली होती, बाजारात अंगठा उठवायचा म्हटलं तर नुसता शाईचा ठिपका उमटायचा. रात्री ती हाताला शेंगतेल चोळत बसायची आणि वर मलाच सांगायची, "बुळबुळ करतंय जरा, बाकी काय न्हाय. हात सवयीचं झाल्यात." ज्या हातांनी आम्हाला खाऊ घालायचं ते हात रोज थोडे थोडे जळत होते आणि घरात याला सवय म्हणत होते. मी हातमोज्यांचं काढलं की आप्पा म्हणायचे, "चाक म्हंजे गाडीचं पाय. पाय धुयाला कुणी मोजं घालतंय व्हय?" मग सगळे हसायचे. आप्पांना बोलता छान यायचं, हीच आमच्या घरातली अडचण होती. चुकीची गोष्टही ते अशी रंगवून सांगायचे की विरोध करणारा वेडा ठरायचा.

ताईचं लग्न मोडनिंबच्या घरात ठरलं. फळांचा व्यापार, हायवेला दुकान, माणसं खाऊन पिऊन सुखी. मुलाचं नाव दत्ता. मांडव आमच्याच आवारात पडला. रॅम्पला झालर लावली, कॉम्प्रेसरवर चादर टाकली, त्याच्यावर अक्षतांची ताटं ठेवली. पाण्याची नेहमीची बोंब. नळाला येणारं पाणी चार दिवसांआड, म्हणून लग्नासाठी टँकर बोलावलेला. तो स्वयंपाकाला आणि पाहुण्यांच्या हातावर घालायला. आचाऱ्यांनी सकाळपासून हुग्गी चढवली होती. खपली गहू, गूळ, वेलदोडा, त्या वासानं त्या दिवशी ऑइलचा वाससुद्धा हरला होता. इतकं सुंदर दिसत होतं आमचं आवार की मला वाटलं, इथं कधी गाड्या धुतल्याच नसतील.

वऱ्हाड आलं ते नव्या कोऱ्या गाडीतून. पांढरी गाडी, आणि चाकं लोखंडी नव्हेत, ॲलॉयची, चांदीसारखी. पण हायवेचं काम चाललेलं, त्यामुळं चाकं चिखलानं आणि काळ्या धुळीनं भरलेली. व्याह्यांपैकी कुणीतरी सहज चेष्टा केली, "वॉशिंगवाल्याच्या दारात येऊनबी गाडी मळकीच की ओ!" सगळे हसले, आप्पाही हसले. पण ते त्यांच्या मनाला लागलं हे मला दिसलं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि डोक्यावर फेटा तसाच ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आप्पा ती गाडी मागच्या बाजूला घेऊन गेले. लेकीची गाडी दारातून लखलखत निघाली पाहिजे. यात प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. म्हणून तर राग दुप्पट येतो.

मी पाण्याची कळशी आणायला मागं गेले तर आप्पा उकिडवे बसून चाकांना लिक्विड लावत होते. ब्रश टेकला की फेस येत होता, बारीक फसफस ऐकू येत होती. लोखंडी चाकावर असं कधी झालं नव्हतं. आप्पा खूश होऊन म्हणाले, "बघ शोभे, घाण कशी उकळतीया." घाण नव्हती उकळत. लिक्विड चाकाचा धातूच खात होतं. हे मला आज ठाऊक आहे, तेव्हा फक्त तो आवाज बरा वाटला नाही. मी म्हटलं, "आप्पा, पाइप मारा जोरात." तेवढ्यात आचारी ओरडला, भाताला पाणी पाहिजे, टँकरचं कुणी संपवू नका. आप्पांनी घोंगडीचा एक तुकडा भिजवला, पिळला आणि चाकं वरच्या वर पुसून घेतली. "पाणी पाव्हण्यांच्या हातावर पडूंदे. पुसलं तरी भागतंय." खाचांमध्ये, नटांच्या भोवती, जिथं बोट जात नाही तिथं सगळं लिक्विड तसंच राहिलं आणि उन्हात आटून दाट होत गेलं. चाकं मात्र चमकत होती. पुढून कुणीतरी आप्पांना फोटोला हाक मारली.

मुलगी सासरी निघाली की गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवतात, चाकावर तांब्याभर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात आणि नवरी चाकाला हात लावून तो डोळ्यांना लावते. नीट ने, नीट पोचव, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडं तर हा मान मोठा, कारण चाकांवरच आमचं घर चाललेलं. आईनं रडत रडत पाणी घातलं. ते खाचांतून खाली ओघळलं. मग चिमूटभर हळद घेऊन तिनं ती चाकाच्या मधोमध लावली. आणि सगळ्यांच्या देखत ती हळद लाल झाली. आधी कडेनं, मग सगळीच, अगदी कुंकवासारखी लालभडक.

माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण, मोठ्यानं ओरडली, "अगं बया! हळदीचं कुंकू झालं! चाकानं पोरीला कुंकू दिलं!" बायका धावल्या. कुणी हात जोडले, कुणी म्हटलं असा शकुन बघितला न्हाय, नवऱ्याच्या आईनं तर ताईला जवळ घेऊन तिच्यावरून बोटं मोडली. मी ते सगळे चेहरे आठवते तेव्हा अंगाची आग होते. त्या घोळक्यातली एकही बाई अशी नव्हती जिनं हळदीचे कपडे धुतले नव्हते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आमच्या भागातली परकर नेसणारी पोरसुद्धा जाणते. मोरीवर बसून शंभरदा पाहिलेली गोष्ट मांडवात दिसली, आणि एकीलाही ती ओळखू आली नाही. शहाण्या बायका होत्या त्या. संसार रेटलेल्या, भाव करताना कुणाला हार न जाणाऱ्या. पण जरीचं लुगडं नेसलं की अक्कल पेटीत ठेवून यायची अशी आपल्याकडं रीतच आहे.

मी म्हटलं, अगदी मोठ्यानं म्हटलं, "आत्या, शकुन न्हाय त्यो. साबण ऱ्हायलाय चाकाला. लिक्विड ऱ्हायलंय."

"शुभ घडीला तोंड मिट," आत्या म्हणाली. "भनीचं चांगलं बघवंना व्हय गं?"

मी आप्पांकडं पाहिलं. ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते. हळद त्यांनीही पाहिली होती, माझं बोलणंही ऐकलं होतं. त्यांनी नुसतं फेट्याचं टोक सारखं केलं. मग मी ताईचा दंड धरला. "ताई, हात नको लावू." ताई हसली. रडून रडून तिचे डोळे आधीच लाल झाले होते. ती म्हणाली, "आप्पांनी धुतलंय की गं." आणि तिनं दोन्ही हात त्या ओल्या चाकावर ठेवले, उजवा जरा जास्त खाली, नटांपाशी, आणि दोन्ही डोळ्यांना लावले.

ती किंचाळली नाही लगेच. आधी नुसती डोळे चोळायला लागली, आणि तेच वाईट झालं. मग जो आवाज तिच्या तोंडून निघाला तो मी इथं लिहू शकत नाही. मी तिला ओढत टँकरच्या नळाखाली नेलं आणि तोंडावर पाणी सोडलं. पाणी मिळत राहिलं असतं तर आज ही गोष्ट वेगळी असती. पण आत्या मागून आली आणि तिनं ताईला माझ्या हातातून हिसकावून घेतलं. "शालू भिजतोय! डोळ्याला गार पानी घालत्यात व्हय? तूप आणा!" आणि हुग्गीवर वाढायचं तूप माझ्या बहिणीच्या डोळ्यांत घातलं गेलं. शालू वाचला. तो अजून ताईच्या कपाटात आहे, जरीचा एक धागाही काळवंडलेला नाही.

सात रस्त्याजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही त्याच गाडीतून गेलो. चाकावर ती लाल हळद तशीच. ताईच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिची सासू, पुढं दत्ता भाऊजी आणि आप्पा. डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्यांनी पापणी उचलली आणि विचारलं, "डोळ्यांत नक्की काय गेलंय?"

आप्पा म्हणाले, "हळद."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "नुसती हळद?" आप्पांनी मान हलवली. "लग्नातली हळद-कुंकू. उडाली आसंल." सासू बाहेर बाकावर बसलेली, पण जावई मागंच उभा. वॉशिंगवाल्यानं आपल्या हातानं आपल्या लेकीचे डोळे जाळले, हे मोडनिंबला कळलं तर? धंदा, नाव, लग्न, सगळं त्या एका शब्दात अडकलेलं, आणि तो शब्द आप्पांच्या तोंडून निघेना. ताई पलंगावर चादर मुठीत धरून तळमळत होती आणि तिचा बाप हळद म्हणत होता. डॉक्टर नर्सला साधं काहीतरी सांगायला वळल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "खोटं बोलत्यात त्ये! चाकं धुयाचं लिक्विड गेलंय. रंगाईच्या कारखान्यातलं. हळद त्येच्यानंच लाल झाली."

आप्पांनी माझ्या थोबाडीत मारली. तिथंच, सगळ्यांपुढं. आयुष्यात त्याआधी त्यांनी माझ्यावर हात उचलला नव्हता. डॉक्टरांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी ड्रॉवरमधून कागदाची एक पट्टी काढली आणि ताईच्या खालच्या पापणीला टेकवली. पट्टी गडद निळी झाली. मग मात्र तिथं एकच धावपळ उडाली. सलाइनची एक बाटली संपली की दुसरी, डोळे ताणून धरलेले, पाणी सारखं सोडलेलं. हात चालू असतानाच डॉक्टर म्हणाल्या, "हे कॉस्टिक आहे. ॲसिडपेक्षा वाईट. ते आत आत जात राहतं. एवढा वेळ हळद हळद काय करत होता तुम्ही?" आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

डावा डोळा वाचला. उजव्यात फूल पडलं. पांढरं, वाटाण्याएवढं, बाहुलीच्या बरोबर वर. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

पाठवणी अर्धीच राहिली. ताई आमच्याकडंच, मागच्या खोलीत, डोळ्यावर पट्टी बांधून. सासरचे म्हणाले, बघू. ज्या बायकांनी चाकानं कुंकू दिलं म्हणून हात जोडले होते, त्याच आता म्हणायला लागल्या की हळद करपली, पोरीचा पायगुण खोटा. सासूनं निरोप धाडला, एका डोळ्याची सून आम्ही बघितली नव्हती. सासऱ्यांचा निरोप तर आणखी भारी, नव्या गाडीच्या चारी चाकांवर पांढरे डाग पडलेत आणि ते जात नाहीत, त्याचं काय करायचं. चाकांवरचे डाग त्यांना दिसले! आणि आप्पा? आप्पा येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, "नजर लागली बघा लेकीला. लई नटली हुती." शकुन झाला, अपशकुन झाला, नजर झाली. सगळ्यांना सगळ्याची नावं ठाऊक होती, एका कॅनमधल्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूचं सोडून. कॉस्टिक हा शब्द आमच्या घरात मी सोडून कुणी उच्चारला नाही. ताई पलीकडं पडून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायची. मला विचारायची, "शोभे, नेतील का गं मला?"

एका सकाळी आवारात एक जीप आली, चाकं डांबरानं माखलेली. आणि मी पाहिलं, आप्पा कोपऱ्यात गेले आणि त्यांनी तोच निळा कॅन उचलला. भिंतीच्या पलीकडं लेक डोळा बांधून पडलेली. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी जाऊन कॅनचं झाकण काढलं आणि तो त्यांच्यापुढं धरला. "आप्पा, बोट बुडवा."

"बाजूला हो."

"बोट बुडवा ह्येच्यात आन् डोळ्याला लावा. पाणीच हाय न्हवं? तुमीच म्हणाला हुता. लावा की!"

जीपवाला बघत राहिला. आई दाराशी आली, पिठाच्या हातांनी. ती मला गप्प बसवायला आली असं वाटलं मला, पण ती आप्पांच्या बोटाकडं बघत होती. आप्पांचं बोट पुढं आलं नाही. ते माझ्याकडं बघत होते, मग कॅनकडं. आणि त्याच वेळी फाटकातून आवाज आला, "मामा." दत्ता भाऊजी उभे होते. एकटेच, एस.टी.नं आलेले, हातात पिशवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "आईला मी सांगितलंय, अपशकुन-बिपशकुन काय न्हाय. चाकाला औषध ऱ्हायलं हुतं. मंगलला न्यायला आलोय." चांगलं बोलले. दवाखान्यात सगळं कानांनी ऐकूनही हे एक वाक्य घरी बोलायला त्यांना इतके दिवस का लागले, हे मात्र मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

ताई त्यांच्याबरोबर एस.टी.नं गेली. चाकाला हळद नाही, नारळ नाही. निघताना ती आप्पांच्या पाया पडली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नजर लागली हुती. उतरली आता." मी तिथंच उभी होते. कॅन त्यांनी पुन्हा वापरला नाही, तो कोपऱ्यात धूळ खात पडला. त्यांचं म्हातारपण माझ्याच घरात गेलं, औषधपाणी मीच केलं, शेवटचा घोटही मीच पाजला. पण लिक्विड माझं होतं, एवढे तीन शब्द ते बोलले नाहीत. मी वाट बघत होते. अजूनही रात्री जाग आली तर मी वाट बघतच असते, असं वाटतं.

सेंटर मी चालवते. नाव नसलेली बाटली माझ्या फाटकातून आत येत नाही. टेबलावरच्या डबीचं काम हेच. कुणीही कसलाही शाम्पू आणू दे, मी त्याच्या थेंबावर चिमूटभर हळद टाकते. लाल झाली की बाहेर. दुसरा थेंब दारातल्या शहाबादी फरशीवर. फरशी फसफसली की ॲसिड, तेही बाहेर. एवढ्यानं सगळं कळतं असं नाही, म्हणून नवीन काही आलं की आधी चाकाच्या मागच्या बाजूला लावून बघते. हातमोजे सगळ्यांना, चाक गार होऊ द्यायचं, एका वेळी एकच चाक, आणि वाळायच्या आत पाणी. पोरं कंटाळतात. परवाच एक शिकलेला गृहस्थ कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड घेऊन आला. "मावशी, हे मारा, पाच मिनिटांत चकाचक होतंय." कोल्ड्रिंकच्या बाटलीत! घरी ह्याची नातवंडं असतील. मी त्याला असं काही बोलले की तो गाडी न धुताच गेला. जाऊ दे. चकाचक हा शब्द ऐकला तरी माझे दात शिवशिवतात.

आणि गेल्या दसऱ्याच्या आधी ताई आली. मुलानं नवी गाडी घेतली होती. पहिली धुलाई माझ्याकडंच, असा तिचा हट्ट. चाकं मी कुणाला धुऊ दिली नाहीत, स्वतः बसले. गुडघे नको म्हणत होते तरी बसले. खाली वाहणारं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं दिसायला लागेपर्यंत पाइप सोडला नाही. उठते तर ताई पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढत होती.

"ताई, नको."

"नवी गाडी हाय. असं कसं?"

ती वाकली. चांगला डोळा चाकाकडं यावा म्हणून मान जरा तिरकी करून तिनं हळद लावली आणि थांबली. तीही थांबली, मीही. शाम्पू मी स्वतः पारखलेला, तरी त्या हळदीवरून मी नजर हलवली नाही. हळद पिवळी राहिली. स्वच्छ, पिवळी धमक. ताईनं दोन्ही हात चाकावर ठेवले आणि उचलून डोळ्यांकडं नेले. मी झडप घालून तिचं मनगट धरलं. "अक्कल हाय का न्हाय तुला? एवढं हून बी? डोळ्याला कशापायी लावतीस?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की भाचा गाडीतून खाली उतरला.

ताई हसली, अगदी तशीच. "वरडतीस कशाला?" ती म्हणाली. "तू धुतलंयस की गं."

मी तिचं मनगट सोडलं नाही. तसंच ओढत तिला नळापाशी नेलं, नळ पूर्ण सोडला आणि तिचे दोन्ही हात धुवायला लागले. कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. तिची साडी भिजत होती. या वेळी मध्ये कुणी आलं नाही.